दीड इंच खाली

ही फट बघा. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधली. अख्खी मूठ आत जाते. रंग नवा, सीट नव्या, तारांची चाकं लखलखीत. पण ही एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी आहे ती चिखलातून धोतर सावरत निघाल्यासारखी.

मूळ एमजीबी अशी नव्हती. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली ती बाहेर पडली ती जमिनीला धरून. पुढे अमेरिकेत बंपरच्या उंचीचे आणि धक्का सोसण्याचे नियम आले. १९७४ च्या उत्तरार्धात क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले, आणि अख्खी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली गेली. उघड्या छताच्या मॉडेलचा पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी, काढून टाकला! तो १९७७ च्या मॉडेलला परत मिळाला. उंची मात्र १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तशीच राहिली.

आता काम, गाडी पुन्हा खाली आणायचं. आधी पुढची बाजू. गाडी स्टँडवर, चाक बाजूला. स्प्रिंग ज्यात बसते त्या पॅनखाली जॅक. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतका जोर असतो, म्हणून पॅनचे दोन बोल्ट काढून तिथे लांब आट्यांचे बोल्ट घातलेत. जॅक उतरवला, आता नट आळीपाळीने, थोडे थोडे सैल. ऐका, कशी कुरकुरते. आली हातात. नवी, आखूड स्प्रिंग शेजारी ठेवली तर फरक जेमतेम दिसतो. काही जण ग्राइंडरने जुन्याच स्प्रिंगचा वेढा कापून मोकळे होतात. ते आम्ही दाखवणार नाही.

मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत आणि अ‍ॅक्सल त्यांच्या वर बसतो. दोघांमध्ये हा ठोकळा गेला की गाडी तेवढीच खाली येते. ठोकळ्याच्या खालच्या भोकात पाट्याच्या मधल्या बोल्टाचं डोकं, वरची खुंटी अ‍ॅक्सलच्या बैठकीत. ही जोडी नीट बसली नाही तर अ‍ॅक्सल तिरका होतो. मग हे सगळं एकत्र आवळायला लांब यू-बोल्ट.

सांध्यांमधल्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र अजून सैलच आहेत. गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पडल्यावरच ते आवळायचे. अधांतरी आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

अलाइनमेंट पुन्हा करावं लागलं. गतिरोधकावर एक्झॉस्ट घासतो, तो जपायचा.

तीच फट. मूठ अडते.

(निवेदन थांबते. इंजिनाचा आवाज.)