खुर्चीतून उठताना हात कुठे?

(बायपास झालेले रुग्ण आणि त्यांचे घरचे यांच्यासमोर एका फिजिओथेरपिस्टने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

बायपास करून माणूस घरी येतो तेव्हा त्याची खाट हॉलमध्ये आलेली असते. उशाशी तांब्याभांडं, गोळ्यांचा डबा, टीव्हीचा रिमोट. 'तुम्ही जागचं हलायचं नाही, काय हवं ते सांगा,' अशी तंबी मिळालेली असते. यात प्रेमच आहे, पण आज मला त्या प्रेमाशीच भांडायचंय.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांचा दमसास पाव हिश्शाहून जास्त घसरला. दमसास म्हणजे जोराची मेहनत करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं, ते माप. त्याच पाचजणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने केलं नव्हतं एवढं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! ती पोरं होती, हृदय ठणठणीत असलेली. तुमच्या घरचा माणूस साठीचा आहे, आणि नुकताच टेबलावरून उठलाय.

पूर्वी हार्ट अटॅक आला की डॉक्टरही सहा-सहा आठवडे झोपवून ठेवत. बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवलं आणि १९५२ मध्ये तसं छापूनही आणलं. आज बायपासनंतर बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खुर्चीत बसवतात, ते उगाच नाही.

आता हाडाकडे येऊ. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेह असेल तर कधी जास्तही. हात मोडला तर प्लास्टरमध्ये गप्प ठेवता येतो, छाती मात्र दर श्वासाला हलते. म्हणून खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. झोपेतून सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, पायांच्या वजनाने धड वर येतं. मदत करणाऱ्याने पाठीला आधार द्यायचा. दंड धरून ओढणारे जावई मी खूप पाहिलेत, त्यांना आधी बाहेर पाठवते.

भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर आणि नातू, हे तिन्ही या काळात उचलायचे नाहीत. नातवाला कुणीतरी शेजारी आणून बसवायचं. स्कूटर बंद, बसची वरची कडी धरून उभं राहणंही बंद.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. आधी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एखाददुसरं मिनिट वाढवत न्या, म्हणजे महिना-दीड महिन्यात बहुतेकांचं सलग अर्ध्या तासावर येतं. शेवटची पाच मिनिटं हळू चाला. एकदम थांबलात तर रक्त पायातच साचतं आणि गरगरतं.

हल्ली मुलं हौसेने नाडी मोजणारं घड्याळ बांधून देतात. पण तुमच्यातल्या बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू आहे आणि ती नाडीला वेसण घालते. घड्याळात ९० दिसतंय म्हणजे ताण कमी आहे, असं नाही. माझा भरवसा बोलण्यावर. चालताना सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवा. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. छातीत आवळल्यासारखं झालं, घाम फुटला, तर तिथेच थांबा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. टाक्यातून पाणी येतंय, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढलीय तो पाय थोडा सुजतोच, बसताना तो स्टुलावर ठेवा.

बायकांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. नवऱ्याची बायपास झाली की बायको त्याला नेमाने व्यायामाला घेऊन येते. तिची स्वतःची झाली की एकदा येते आणि म्हणते, 'घरात एवढं काम असतं, वेगळा व्यायाम कशाला?' एक काकू तिसऱ्या आठवड्यात आल्या. छातीत कटकट वाजतंय म्हणाल्या. विचारलं तर आठ माणसांची कणीक मळत होत्या! मळताना सगळा जोर त्याच जोडाच्या हाडावर येतो, आणि हृदयाला व्यायाम म्हणावा तर तोही होत नाही. त्यांना लगेच सर्जनकडे पाठवलं आणि परात सुनेकडे दिली. सुनेपेक्षा मुलाकडे द्यायला हवी होती, हे मला नंतर सुचलं.

बरं, बोलणं पुरे. खुर्चीच्या कडेला सरका. पाय थोडे मागे घ्या. दोन्ही हातांची घडी छातीशी, हात टेकून उठलात तर जोर त्याच जोडाच्या हाडावर येतो. नाक पायाच्या अंगठ्यांच्या रेषेत येईपर्यंत पुढे वाका, आणि उठा. श्वास रोखायचा नाही. छान. मागच्या रांगेतले काका, तुम्ही हात टेकलात, मी पाहिलं. बसा, परत एकदा.