खिडकीच्या गजाला बांधलेला मोबाईल

(दृश्य : मेळघाट, धारणी तालुका. आरोग्य उपकेंद्राची खोली, सकाळ.)

या खोलीत रेंज एकाच जागी मिळते, खिडकीपाशी. म्हणून हॉटस्पॉटचा मोबाईल रबरबँडने गजाला बांधून ठेवलाय. त्याच्या जिवावर टेबलावरचा टॅब चालतो, आणि टॅबमधून डॉक्टर मॅडम बोलतात.

बाकावर सात महिन्यांची गरोदर कोरकू बाई, शेजारी तिची सासू.

"पाय दाखवा, सिस्टर. दाबून दाखवा."

सिस्टर नडगीवर अंगठा दाबून उचलतात. खळगा पडतो आणि तसाच राहतो. बीपी दीडशे-शंभर. लघवीत बुडवलेली पिवळी पट्टी हिरवी झालीय, म्हणजे प्रथिनं जाताहेत.

"डोळ्यांपुढे अंधारी येते का?" मॅडम मराठीत विचारतात. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं काही नातं नाही. गावच्या आरोग्य स्वयंसेविका आशाताई तोच प्रश्न कोरकूत नेतात, पण आपल्या पद्धतीने : चुलीपुढून उठलीस की कसं वाटतं? तेव्हा कुठे बाई बोलती होते. चार दिवसांपासून अंधारी येतेय. टेलिमेडिसिनचं कौतुक होतं तेव्हा आशाताईंचा उल्लेख क्वचितच येतो. तो पहिला यायला हवा.

(दृश्य : सेमाडोहचा घाटरस्ता.)

धारणी ते अमरावती, सुमारे दीडशे किलोमीटर. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं तर रोजाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. त्यात 'आज डॉक्टर नाहीत' ऐकून परत फिरावं लागलं, तर पुढच्या वेळी कोण जाईल? गावातला भुमका, म्हणजे पारंपरिक वैदू, हाकेच्या अंतरावर असतो, आणि त्याला कोरकू येते.

हे हेलपाटे वाचवायला ई-संजीवनी आली, दूरवरच्या डॉक्टरांचा सल्ला पडद्यावरून देणारी केंद्र सरकारची सेवा. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या मोहाली केंद्राने ती उभी केली, नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली. डोंगराळ आणि आदिवासी भागात साधारण ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असतं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, इथे आपल्या सिस्टर, रुग्णाला टॅबसमोर बसवून डॉक्टरांशी जोडून देतात. २५ मार्च २०२० ला देशात दूरस्थ उपचारांची नियमावली आली, आणि एप्रिलमध्ये, ऐन टाळेबंदीत, घरबसल्या सल्ला घेण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सल्ल्यांचा आकडा १० कोटींवर गेला होता.

आकडा मोठाच आहे. पण मेळघाटात त्याच्याइतकंच महत्त्वाचं आहे, कोणाला प्रवास करावाच लागेल हे वेळेत कळणं. पोटाला हात लावून बाळाची बाजू पाहणं पडद्यावरून होत नाही, तिथे सिस्टरचेच हात लागतात. आणि जिवाचा धोका असेल तेव्हा प्रथमोपचार सांगून रुग्णाला दवाखान्यात पाठवा, असं नियमावलीही सांगते.

(दृश्य : पुन्हा खोली.)

"यांना घरी सोडू नका. आत्ताच धारणीला हलवा."

सिस्टर १०२ ला फोन लावतात. सासू मान हलवते. घरी दोन लहान पोरं आहेत, बकऱ्या आहेत, आणि त्या मोठ्या दवाखान्यात आपलं बोलणं कोणाला कळणार? आशाताई तिच्याशेजारी जाऊन बसतात. बराच वेळ दोघी हळू आवाजात बोलतात. शेवटी आशाताई पिशवी उचलतात. "मी जाते सोबत."

गाडी निघून जाते. आता टॅबसमोर खोकल्याने बेजार झालेला म्हातारा आहे आणि दुभाषी कोणी नाही. सिस्टर आपल्या मोडक्यातोडक्या कोरकूत विचारतात. म्हातारा आधी त्यांचा शब्द दुरुस्त करतो, मग उत्तर देतो.

दुपारी गजावरचा मोबाईल वाजतो. सिस्टर धावत जाऊन तो घेतात आणि टॅबवरचा मॅडमचा चेहरा जागीच गोठतो.

धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयातून आशाताई बोलताहेत.

"भरती केलं सिस्टर. बीपी उतरतंय. सासूला सांगा, मी रात्री इथंच थांबते."