लेसोथो : डोंगराच्या आश्रयाने टिकलेला देश

(दृश्य : कारखान्यातल्या शिवणयंत्रांच्या रांगा. निळ्या जीन्सवर धावणारी सुई.)

मार्च २०२५. अमेरिकेच्या संसदेपुढे भाषण करताना राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदतीच्या खर्चाचा पाढा वाचला. त्यात एका आफ्रिकी देशाचं नाव आलं आणि ते म्हणाले, हे नाव कुणी कधी ऐकलेलंसुद्धा नाही. सभागृहात हशा पिकला. तो देश होता लेसोथो.

अमेरिकेतल्या दुकानांत लेसोथोत शिवलेल्या जीन्स कित्येक वर्षांपासून विकल्या जात आहेत. २००० साली अमेरिकेनं आफ्रिकी देशांच्या मालाला जकातमाफी दिली, आणि मासेरू या राजधानीच्या शहरात कपड्यांचे कारखाने उभे राहिले. हजारो हातांना काम मिळालं, त्यातले बहुतेक हात बायकांचे. त्या भाषणानंतर महिनाभरातच, एप्रिलमध्ये, याच देशाच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर झालं. पुढे ते १५ टक्क्यांवर आलं खरं, पण तोवर ऑर्डरी थांबल्या होत्या आणि बायका घरी बसल्या होत्या. जुलैमध्ये लेसोथो सरकारनं बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली.

तर या देशाची ओळख करून घेऊ. ती करून घेण्यासारखी आहे.

(दृश्य : नकाशा. दक्षिण आफ्रिकेच्या पोटात एक छोटा देश.)

नकाशात लेसोथो चटकन सापडतो. चारही बाजूंनी एकच शेजारी, दक्षिण आफ्रिका. दुसऱ्या एकाच देशानं पूर्ण वेढलेले देश जगात तीन : व्हॅटिकन, सान मारिनो आणि लेसोथो. पहिल्या दोघांचा पसारा एखाद्या गावाएवढा. लेसोथोचं क्षेत्रफळ मात्र ३० हजार चौरस किलोमीटरहून जास्त, आणि लोकसंख्या सव्वादोन कोटी नव्हे, सव्वादोन लाखही नव्हे, तर साधारण बावीस-तेवीस लाख.

आणि उंची! या देशातली सर्वांत खोल जागा, जिथे माखालेंग नदी सेन्कूला मिळते, तीच १,४०० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा खाली उतरायला या देशात जागाच नाही. अख्खा देश १,००० मीटरच्या वर असलेलं हे जगातलं एकमेव स्वतंत्र राष्ट्र. थाबाना न्त्लेन्याना हे सर्वांत उंच शिखर ३,४८२ मीटर. आफ्रिकेच्या दक्षिण भागात याहून उंच काही नाही. जून ते ऑगस्ट इथला हिवाळा. तेव्हा डोंगरांवर बर्फ पडतं आणि आफ्रिका खंडात लोक चक्क स्कीइंग करायला येतात.

पण हे लोक इतक्या उंचावर येऊन राहिले कशाला? त्याचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीत आहे. त्या गोष्टीपाशी थोडं थांबावंच लागेल.

(दृश्य : सपाट माथ्याचा डोंगर. पहाट.)

साल १८२४. दक्षिण आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात लढाया, लूट आणि दुष्काळ यांनी हाहाकार माजवला होता. टोळ्यांमागून टोळ्या उठत होत्या, गावं ओस पडत होती. एका लहानशा सरदाराचा मुलगा, मोश्वेश्वे, आपली माणसं आणि गुरं घेऊन भर थंडीत दक्षिणेकडे निघाला. वाटेत मागे राहिलेले त्याचे आजोबा, पेएते, नरभक्षकांच्या हाती सापडले. भुकेनं माणसं माणसांना खाऊ लागली होती, असे ते दिवस.

मोश्वेश्वे पोचला थाबा बोसिऊ या डोंगरावर. चहूबाजूंनी ताशीव कडे, वर चढायला मोजक्या वाटा, माथ्यावर ऐसपैस पठार, गुरांना चारा आणि बारमाही झरे. जागा हेरावी तर अशी. वाटांच्या तोंडावर दगडांचे ढीग रचले की मूठभर माणसंसुद्धा फौज अडवू शकत होती. मोश्वेश्वे हयात असेपर्यंत हा डोंगर कुणालाही जिंकता आला नाही.

पुढे आजोबांना खाणारी ती माणसं पकडून त्याच्यासमोर आणली गेली. सगळ्यांनी शिक्षेची वाट पाहिली. मोश्वेश्वे म्हणाला, ही माणसं म्हणजे माझ्या आजोबांची कबर आहे, कबरीची विटंबना मी कशी करू? त्याने त्यांच्यावर शुद्धीचे संस्कार करवले, त्यांना गुरं दिली आणि आपल्या राज्यात वसवलं. बासोथो, म्हणजे लेसोथोच्या लोकांच्या, घरांत ही गोष्ट आजही सांगितली जाते. मला तर या माणसाचं सारं राजकारण या एका निर्णयात दिसतं. भुकेनं पशू झालेल्या माणसाला आधी गुरं द्या, तो शेती करू लागेल, आपला होईल. लढाईतून वाचलेले, वाट चुकलेले, वेगवेगळ्या कुळांचे लोक असेच त्याच्याकडे येत गेले, आणि त्यांचं मिळून बासोथो नावाचं राष्ट्र झालं.

१८३१ मध्ये एन्देबेले लोकांचा राजा म्झिलिकाझी याच्या फौजेनं थाबा बोसिऊवर चढाई केली. वरून दगड आणि भाले असे बरसले की फौज मागे फिरली. मोश्वेश्वेनं त्या परतणाऱ्या फौजेमागे धष्टपुष्ट बैल धाडले. निरोप असा, की तुम्ही भुकेपोटीच आला असाल, वाटेत खायला हे घेऊन जा. ती फौज त्याच्यावर पुन्हा कधी चालून आली नाही.

१८५२ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती जॉर्ज कॅथकार्ट आला. त्याला दंडापोटी दहा हजार गुरं आणि एक हजार घोडे हवे होते. बेरेआच्या पठारावर गाठ पडली आणि बासोथो घोडेस्वारांनी इंग्रजांना चांगलंच दमवलं. लढाई हाताशी आलेली. अशा वेळी मोश्वेश्वेनं मध्यरात्री पत्र लिहून घेतलं : तुम्ही आपली ताकद दाखवलीत, आम्हाला शिक्षा केलीत, आता पुरे; मला राणीचा शत्रू मानू नका. कॅथकार्टला अब्रू राखून परत जायची वाट मिळाली आणि तो गेला. जिंकत असताना हरल्याचं पत्र लिहायला जे काळीज लागतं, ते किती राजांपाशी असतं?

सगळंच मात्र वाचवता आलं नाही. पश्चिमेकडून बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, सरकत आले. १८५८ आणि १८६५ च्या युद्धांत कॅलेडन नदीपलीकडची काळी, सकस जमीन हातची गेली. शेवटी मोश्वेश्वेनं इंग्रजांचं छत्र मागितलं. ‘माझा देश हे राणीचं ब्लँकेट आणि माझी माणसं त्यातल्या उवा,’ असं तो म्हणाल्याचं सांगतात. १२ मार्च १८६८ रोजी ते छत्र मिळालं. ११ मार्च १८७० रोजी मोश्वेश्वे गेला. तो दिवस आजही राष्ट्रीय सुटीचा आहे.

जे डोंगर उरले, ते बासोथोंनी सोडले नाहीत. पुढे हा मुलूख दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजांच्या केप वसाहतीच्या कारभाराखाली गेला, आणि तिथल्या सरकारनं त्यांना बंदुका जमा करायला सांगितलं. बासोथो तरुणांनी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत घाम गाळून त्या विकत घेतल्या होत्या. त्यांनी साफ नकार दिला. १८८० ला युद्ध पेटलं, आणि १८८४ मध्ये केप सरकारनं हात टेकून हा मुलूख परत थेट ब्रिटिश राजसत्तेकडे सोपवला. त्यामुळे १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचं संघराज्य झालं तेव्हा लेसोथो त्यात नव्हता. वर्णभेदाचे कायदे त्याच्या वेशीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. ४ ऑक्टोबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला.

(दृश्य : घोड्यावर बसलेला पुरुष. खांद्यावर जाड रंगीत ब्लँकेट.)

लेसोथोत माणूस लांबूनच ओळखू येतो तो ब्लँकेटमुळे. जाड लोकरीचं, झळझळीत रंगांचं. पुरुष ते उजव्या खांद्यावर अडकवतात, बायका छातीपाशी मोठ्या पिनेनं. नीट पाहिलं तर त्यावर बोटभर रुंदीचे एकरंगी पट्टे दिसतील. हे पट्टे अंगावर उभेच यायला हवेत, कारण उभी रेघ म्हणजे वाढ, भरभराट. आडवं पांघरलं तर आजी टोकणार! ब्लँकेटवर मक्याची कणसंही दिसतात, कारण मका हेच इथलं मुख्य अन्न आणि सुफलतेची खूण. काही ब्लँकेटांवर तर विमानं असतात. दुसऱ्या महायुद्धात या लोकांनी वर्गणी काढून ब्रिटनला स्पिटफायर विमानांसाठी पैसे दिले; ब्रिटिश हवाई दलाच्या ७२ क्रमांकाच्या तुकडीच्या नावात ‘बासुतोलँड’ आलं ते त्यामुळे. बासुतोलँड हे ब्रिटिशकाळातलं या देशाचं नाव.

डोक्यावर गवताची निमुळती टोपी, मोकोरोत्लो. २००६ पासून ती राष्ट्रध्वजावर आहे.

आणि डोंगरात, थंडीवाऱ्यात, मेंढरांमागे पोरं. पाच-सहा वर्षांची असल्यापासून. उन्हाळ्यात कळप घेऊन वरच्या कुरणांवर जायचं, दगडी खोपटात राहायचं, महिनोन्‌महिने घर नाही. सोबतीला लेसिबा : एक काठी, त्यावर ताणलेली तार, तारेच्या टोकाला पक्ष्याच्या पिसाचा देठ. तो ओठांत धरून श्वास आत-बाहेर केला की घुमणारा, चिरका, पाखरासारखा आवाज निघतो. गुरं तो ओळखतात. मोहेर, म्हणजे अंगोरा शेळ्यांची लोकर, पिकवण्यात लेसोथो दक्षिण आफ्रिकेच्या खालोखाल आहे, आणि ती लोकर या पोरांच्या राखणीवर उभी आहे. त्याची किंमत शाळेत मोजली जाते. साक्षरतेत इथे बायका पुरुषांच्या पुढे आहेत. मुली वर्गात बसल्या तेव्हा मुलगे डोंगरावर होते.

पोरं मोठी झाली की खाणीत जायची. १९७० आणि ८० च्या दशकांत लाखाहून जास्त बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होते, आणि इथली घरं त्यांच्या मनिऑर्डरींवर चालत होती. नव्वदीत कामगारकपात झाली आणि माणसं परत आली. त्याच काळात एचआयव्हीची साथ फोफावली. आजही इथल्या दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला ही लागण आहे. जगात इतकं मोठं प्रमाण फारच थोड्या देशांत आहे.

हिऱ्यांबद्दल थोडक्यात. लेत्सेंगची खाण ३,००० मीटरच्या वर आहे. शंभर टन खडक फोडल्यावर दोन कॅरटही हाती लागत नाहीत, पण जे लागतं ते अचाट. १९६७ मध्ये अर्नेस्टिन रामाबोआ या बाईंना तिथे ६०१ कॅरटचा हिरा सापडला. २०१८ मध्ये ९१० कॅरटचा निघाला.

खरी दौलत मात्र पाणी.

(दृश्य : कात्से धरण. काँक्रीटची कमानदार भिंत.)

या डोंगरांत पाऊस पडतो, बर्फ वितळतं, आणि ते सगळं सेन्कू नदीतून अटलांटिक महासागराकडे जातं. उत्तरेला जोहान्सबर्ग तहानलेलं. नदी उलटी वळवून तिकडे न्यायची ही कल्पना जुनीच, पण करार काही होत नव्हता. दरम्यान लेसोथो वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांना आसरा देत होता. डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यानं रात्री मासेरूत घुसून ४२ माणसं मारली. जानेवारी १९८६ मध्ये सगळ्या सीमा आवळून कोंडी केली. त्याच महिन्यात लेसोथोत लष्करानं सत्ता घेतली आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या करारावर सह्या झाल्या. या तारखा ओळीनं वाचल्या की बरंच काही समजतं.

कात्से धरणाची भिंत १८५ मीटर उंच. तिथलं पाणी डोंगराखालून खणलेल्या बोगद्यांतून, पंपाशिवाय, केवळ उतारानं उत्तरेला जातं. वाटेत ’मुएला इथे वीज तयार करतं. १९९८ पासून जोहान्सबर्गच्या नळांना ते येतंय, आणि त्याचे पैसे लेसोथोच्या तिजोरीत जमा होतात.

या प्रकल्पानं आणखी एक गोष्ट घडवली, तिचं मला फार कौतुक आहे. प्रकल्पाचे मुख्य अधिकारी मासुफा सोले यांनी परदेशी कंपन्यांकडून लाच घेतल्याचं उघड झालं. पैसे स्वित्झर्लंडमधल्या खात्यांत होते. २००२ मध्ये मासेरूच्या न्यायालयानं सोले यांना तुरुंगात धाडलं, आणि लाच देणाऱ्यालाही सोडलं नाही : एकर्स इंटरनॅशनल ही कॅनडाची बडी कंपनी दोषी ठरली, नंतर लाहमायर ही जर्मन कंपनीही. गरीब देशात लाच घेणारा कधीमधी सापडतो, देणारी परदेशी कंपनी सहसा सुटते. इथे ती सुटली नाही. जागतिक बँकेनंही पुढे दोन्ही कंपन्यांना आपल्या कामांतून काही वर्षं बाद केलं.

पण खोऱ्यातल्या माणसांचं काय? त्यांची शेतं पाण्याखाली गेली, कुरणं गेली. काहींना भरपाई दरवर्षी धान्याच्या पोत्यांत मिळाली. धरणाच्या आसपासच्या कित्येक वाड्यांत बायका आजही झऱ्यावरून पाणी वाहून आणतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता मोखोत्लाँग जिल्ह्यात पोलिहालीचं आणखी एक मोठं धरण बांधलं जातंय. तिथून ३८ किलोमीटरचा बोगदा कात्सेच्या जलाशयाला जाऊन मिळेल आणि जोहान्सबर्गचं पाणी आणखी वाढेल. जमिनी मोजून झाल्या, माणसं हलवली जात आहेत, आणि धरणग्रस्त भरपाईसाठी अर्ज घेऊन दारोदार फिरत आहेत.