संक्रांतीला बी, आखाजीला फळ

(अमळनेर येथे परसबाग करणाऱ्यांपुढे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून संपादित केलं आहे.)

मंडळी, नमस्कार. संक्रांत आठवड्यावर आली आहे, म्हणूनच आजचा दिवस मी मागून घेतला. घरच्या अंगणात खरबूज लावायचं तर ते याच पंधरवड्यात. बी पडल्यापासून फळ तयार व्हायला शंभर दिवसांच्या आसपास लागतात. संक्रांतीपासून शंभर दिवस मोजा, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि तेव्हा आपल्या वेलावरचं फळ कापायचं. माझ्या घरी सात वर्षं हे चालू आहे.

मी जे लावतो ते जाळीदार सालीचं नेहमीचं खरबूज नाही. पांढऱ्या, गुळगुळीत सालीचं, आत फिकट हिरवा गर असलेलं, ज्याला बाजारात हनीड्यू म्हणतात ते. फ्रान्सच्या दक्षिण भागात आणि अल्जेरियात ही जात जुनी आहे. पण हे काही आपल्याला परकं कुळ नव्हे. कपाशीच्या वावरात पावसाळ्यात आपोआप उगवणारं शेंदाड आणि हे फळ, दोघं एकाच जातीची भावंडं.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये असते. तिनं तिथं हेच लावलं. एप्रिलमध्ये घरात खिडकीपाशी रोपं केली, मे संपता संपता काचघरातल्या वाफ्यात हलवली, माती तापावी म्हणून वर काळं प्लॅस्टिक अंथरलं. सप्टेंबरात दोन फळं मिळाली. फोनवर ती म्हणाली, ‘काका, तुम्हाला बरं आहे, तुमच्याकडे ऊन आहे.’ मी तिला म्हटलं, अगं, तुझ्याकडे ऊब पुरत नाही आणि आमच्याकडे ती आवरत नाही. दोघांनाही शंभर दिवसांची एक फट शोधायची आहे, एवढंच.

थंड मुलखात हे फळ होतच नाही असंही नाही. चीनमधलं लानझोउ घ्या. कडक हिवाळा, पण उन्हाळा कोरडा आणि लख्ख उन्हाचा. १९४४ साली अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस चीनला गेले होते. ते स्वतः बियाण्यातले जाणकार. त्यांच्यामुळे हे बी तिथं पोचलं, तिथल्या मातीत रमलं आणि आज ते त्या शहराचं नावाजलेलं फळ आहे. म्हणजे या वेलाला हवं काय, तर कोरडी हवा, भरपूर ऊन आणि मुळाशी ऊब.

आता आपली अडचण. जानेवारीत दुपारी ऊन छान असतं, पण रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि पहाटे माती गार पडलेली असते. मातीचं तापमान वीस-एकवीस अंशांच्या वर नसेल तर हे बी उगवत नाही, कुजतं. माझी पहिल्या वर्षीची सगळी बियाणी अशीच गेली. मग आजीची रीत आठवली. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं आणि शेणाच्या उकिरड्यात, जिथं हात घातला की ऊब लागते तिथं ठेवायचं. उकिरडा नसेल तर स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळ. दोन-तीन दिवसांत मोड दिसतो. तो कागदी पेल्यात लावा, दिवसा ऊन दाखवा, रात्री घरात घ्या. तिसरं-चौथं पान फुटलं की वाफ्यात. मुळांना धक्का सहन होत नाही, म्हणून पेला फाडून मातीच्या गोळ्यासकट लावायचं.

वाफ्याबद्दल जरा थांबून बोलतो. माझ्या मामाचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठी. लहानपणी पावसाळ्याचं पाणी ओसरलं की नदीच्या वाळूत वाड्या पडायच्या. खालची ओल लागेपर्यंत वाळूत चर खणायचा, त्यात शेणखत भरायचं, बी टोचायचं. वाऱ्याच्या अंगाला गवताचा कूड. त्या वाड्यांवरच्या खरबुजाचा वास पायवाटेवर यायचा. वाळू सकाळी लवकर तापते, पाणी धरून ठेवत नाही, आणि मुळं मात्र ओलीपर्यंत खाली जातात. वर कोरडं, खाली ओलं. वेलाला याहून सुखाची जागा नाही. आता पात्रातली वाळूच उपसली गेली, वाड्या मोजक्या राहिल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या अंगणातली काळी माती याच्या अगदी उलट. पाणी धरते, गार राहते, बुडाशी मर लागते. म्हणून वाफा फूटभर उंच करा. माती, चाळलेलं शेणखत आणि वाळू सारख्या मापानं मिसळा. गच्चीवर करायचं असेल तर चाळीस लिटरची पिशवी एका वेलाला. युरिया टाकू नका; पानं हत्तीच्या कानासारखी होतात आणि फळ धरत नाही. केळीच्या वाळक्या पानांचं आच्छादन उत्तम, पण जानेवारीत नको, कारण तेव्हा मातीला ऊन लागायला हवं. ते मार्चमध्ये घाला, जेव्हा मुळं भाजू लागतात.

वेलाला चार-पाच पानं आली की शेंडा खुडा. हे करताना जीव कासावीस होतो, मला ठाऊक आहे. पण मुख्य वेलावर बहुतेक नरफुलंच येतात. फळ धरणारी फुलं येतात बगलफांद्यांवर, पहिल्या-दुसऱ्या पेरावर, आणि त्या फुलाच्या बुडाशी छोटंसं केसाळ फळ आधीच दिसतं. पहिले आठ-दहा दिवस नुसती नरफुलं गळत राहतील, घाबरू नका. मधमाशी हवीच, एकाच फुलावर ती पुष्कळदा बसली तर फळ गोल भरतं, नाहीतर एका अंगानं खुरटतं. माशी दिसत नसेल तर सकाळी नऊच्या आत नरफुलाच्या पाकळ्या काढून तेच फळ धरणाऱ्या फुलात हलके फिरवा. फुलोऱ्यात कसलीही फवारणी करू नका.

एका वेलावर दोन फळं ठेवा, फार तर तीन. बाकीची लिंबाएवढी असतानाच काढा. हे मी का म्हणतो ते नीट ऐका, कारण आज मला जे सांगायचं आहे ते हेच.

रावेर-यावलची केळी हिरवी कापली जातात, तरी पिकून गोड होतात. कारण त्यांच्यात पिठूळ साठा असतो, त्याची पुढे साखर बनते. खरबुजात तसा साठा नसतो. त्याची साखर रोजच्या रोज पानांत तयार होते आणि देठातून आत येते, तीही बरीचशी शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. फळं जास्त ठेवली तर तीच साखर त्यांच्यात वाटली जाते. आणि देठ तोडला की साखर थांबली. नंतर फळ मऊ होईल, वास सुटेल, पण गोडी रतीभरही वाढणार नाही. बाजारातलं फळ काकडीसारखं लागतं ते म्हणूनच. ते दूरच्या गाडीसाठी आधी तोडलेलं असतं. म्हणून शेवटपर्यंत पानं निरोगी राखणं हीच सगळी शेती. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पडली, पानं वाळली, तर फळ कितीही मोठं असो, पांचट निघणार.

तोडायचं केव्हा? जाळीदार खरबूज पिकलं की देठ आपोआप सुटतो. याचा सुटत नाही, त्यामुळे माणूस फसतो. फळ धरल्याची तारीख काडीवर लिहून शेजारी रोवा. चाळीस दिवसांनंतर पाहायला लागा. हिरवट झाक जाऊन साल सायीसारखी होते. कोवळेपणीची लव झडते आणि हात फिरवला तर मेणासारखं, किंचित चिकट लागतं. देठाच्या विरुद्ध टोकाला अंगठ्यानं दाबलं तर जरासं दबतं. या तिन्ही खुणा जुळेपर्यंत हात लावू नका. शेवटच्या आठवड्यात पाणी निम्मं करा. एकदम भरपूर दिलंत तर फळ तडकतं.

एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की उघडं फळ उन्हानं भाजतं. त्यावर जुन्या धोतराचा तुकडा किंवा वाळकं पान टाका. फळमाशीसाठी फळ लिंबाएवढं झाल्यावर कागदी पिशवीत घाला, शेजारी क्यू ल्यूरचा, म्हणजे फळमाशीला ओढून घेणाऱ्या वासाचा, सापळा टांगा. तांबडे भुंगे सकाळी गारव्यात सुस्त असतात, तेव्हाच हातानं वेचा.

आत्ता या ताईंनी विचारलं, काकडीशेजारी लावलं तर खरबूज काकडीसारखं लागतं का? नाही. काकडी ही वेगळी जात, तिचा याच्याशी संकर होत नाही. शेंदाडाशी मात्र होतो. पण तोही यंदाच्या फळात चवीला उतरत नाही. त्याचा परिणाम दिसतो तो बियांत, पुढच्या वर्षी. म्हणून बी राखायचं असेल तर एका फुलाला आदल्या संध्याकाळी कापडाची टोपी घाला, सकाळी स्वतःच्या हातानं परागण करा, पुन्हा टोपी घाला, आणि त्या फळाला लाल दोरा बांधा. बाजारातल्या फळाचं बी लावू नका; ते बहुधा संकरित असतं, पुढे काय निघेल सांगता येत नाही.

दाराशी टेबलावर पुड्या ठेवल्या आहेत. लाल दोऱ्याच्याच फळाचं बी आहे, एका घरी पाच बिया. आज रात्री भिजत घालू नका, थंडी जास्त आहे. भोगीच्या रात्री घाला.