साठीची बाई, आठ वर्षांचा मुलगा

(दृश्य: महाविद्यालयाच्या मीडिया विभागातली वर्गखोली. बाकं भिंतीला सरकवलेली. मधे एक खुर्ची, समोर स्टँडवर कॅमेरा.)

निवेदन:

पुण्यात विशीतला नट शोधायला फार पायपीट करावी लागत नाही. पावसाळ्यात इथल्या कॉलेजांमधून एकांकिकांच्या तालमी रात्रीपर्यंत चालतात. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे, आणि त्या स्पर्धेतून कितीतरी मुलं-मुली पुढे नाटकात, मालिकांत, सिनेमात गेली. 'शॉर्ट फिल्मसाठी मुलगा हवा' असं कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं की संध्याकाळपर्यंत फोटो येऊन पडतात.

शॉर्ट फिल्म करायला निघालेल्या या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या गटाची अडचण वेगळी आहे. त्यांची फिल्म पंधरा मिनिटांची. पेठेतला एक जुना वाडा पाडायला निघालाय. बाकीचे भाडेकरू गेले, साठी ओलांडलेली एक बाई तेवढी मागच्या खोलीत राहिली आहे. तिच्याकडे समोरच्या सोसायटीतला आठ वर्षांचा मुलगा येतो-जातो. आणि खोलीचा ताबा घ्यायला येतो बिल्डरच्या ऑफिसातला एक तरुण. हा तरुण पहिल्याच दिवशी मिळाला. उरलेल्या दोघांसाठी अख्खा गट कामाला लागलाय.

(दृश्य: मेकअपची पेटी. पावडरीचा डबा.)

विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये अशा वेळी एक ठरलेली पळवाट असते. वर्गातल्याच एखादीला नऊवारी नेसवायची, केसांना पावडर लावायची, कपाळावर पेन्सिलीने आठ्या काढायच्या. रंगमंचावर हे खपून जातं, कारण प्रेक्षक लांब बसलेला असतो. कॅमेरा जवळ जातो. त्याला मान दिसते, हाताची पाठ दिसते, जमिनीवरून उठताना गुडघ्यावर टेकलेला तळवा दिसतो. बावीस वर्षांची मुलगी कितीही गुणी असली, तरी ती उठते बावीस वर्षांच्या गुडघ्यांनी. भूमिकेच्या वयाचं माणूस मिळत नसेल तर शूटिंग पुढे ढकलावं, पण पावडरीचा डबा उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

नट न मिळण्याचं हे दुखणं आपल्याकडे सिनेमाइतकंच जुनं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती करायला दादासाहेब फाळक्यांना एकही स्त्री मिळाली नाही. ती भूमिका केली अण्णा साळुंके यांनी. ते खानावळीत काम करायचे. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा, भालचंद्र. फाळक्यांपुढे दुसरा इलाज नव्हता. आज साठीच्या अभिनेत्री शहरात भरपूर आहेत, त्या फक्त कॉलेजच्या ग्रुपवर नाहीत.

(दृश्य: लॉ कॉलेज रस्ता. फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक.)

विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये कुणाला घ्यायचं, यावरून या फाटकाच्या आत एकेकाळी संप झाला होता. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये ही संस्था सुरू झाली. सत्तरच्या दशकात इथल्या अभिनयाच्या विद्यार्थ्यांची तक्रार होती, की दिग्दर्शनाचे विद्यार्थी आपल्या फिल्ममध्ये आम्हाला घेत नाहीत. पुढे अभिनयाचा अभ्यासक्रमच बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला २००४ मध्ये. मला दोन्ही बाजू पटतात. शिकणाऱ्या नटाला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळालं पाहिजे, आणि शिकणाऱ्या दिग्दर्शकाला आपल्या गोष्टीतलं माणूस निवडता आलं पाहिजे.

आपल्या गटाच्या कॉलेजात अभिनयाचा वर्गच नाही. त्यामुळे त्यांनी बाहेरचा रस्ता धरला. महाराष्ट्रात हौशी रंगभूमीचं जाळं मोठं आहे: राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा, बँकांची आणि सरकारी कार्यालयांची नाट्यमंडळं. दिवसभर काउंटर सांभाळून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या बायका त्यात होत्या. त्या आता निवृत्त झाल्यात. गटाने मग एक कागद छापला आणि वाचनालयात, ज्येष्ठ नागरिक संघात, भजनी मंडळाच्या हॉलबाहेर लावला.

(दृश्य: वाचनालयाच्या फलकावर टाचलेला कागद. कॅमेरा ओळीओळीवरून सरकतो.)

हा कागद नीट वाचण्यासारखा आहे. भूमिका काय, वय काय, शूटिंग किती दिवस, कुठे, किती वाजता सुटणार. मानधन थोडं आहे, पण आकडा लिहिलाय. रिक्षाचं भाडं आणि जेवण गटाकडून. ऑडिशन कॉलेजात, दिवसाउजेडी, सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा. फोन नंबर दिग्दर्शिकेचा. 'संधी मिळेल', 'प्रसिद्धी मिळेल' असला एक शब्द त्यात नाही. अनोळखी मुलांच्या फिल्मसाठी घरातून निघताना एखाद्या बाईला जे जे विचारावंसं वाटेल, त्याचं उत्तर त्या कागदावर आहे.

(दृश्य: वर्गखोली. खुर्चीत सुती साडीतल्या एक बाई. कॅमेऱ्याशेजारी बसून एक विद्यार्थी तरुणाचे संवाद वाचतोय.)

या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. तरुणपणी बँकेच्या नाटकांत कामं केलेल्या. प्रवेश असा, की तरुण खोलीची किल्ली मागायला आलाय. काकूंचं पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ. पण आवाज जातोय थेट शेवटच्या रांगेपर्यंत, आणि इथे समोरचं माणूस हातभर अंतरावर आहे. 'जरा हळू बोला' म्हटल्यावर त्या हळू बोलल्या, पण फेक तीच राहिली.

दिग्दर्शिका उठली. पिशवीतून मेथीची जुडी काढून तिने काकूंच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर ठेवली. म्हणाली, "काकू, संवाद सोडून द्या. तुम्ही भाजी निवडताय आणि हा मधेच आलाय, एवढंच."

काकूंनी जुडीचा दोरा सोडवला. दोन-चार काड्या खुडल्या. पिवळी पानं बाजूला, देठ बाजूला. विद्यार्थ्याने आपलं वाक्य वाचलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. अजून एक काडी निवडून झाल्यावर म्हणाल्या, "किल्ली कुणाकडे द्यायची, ते तरी सांगाल का?"

मघाशी हेच वाक्य ऐकलं होतं. आता त्यात ती बाई होती.

ऑडिशन ही परीक्षा आहे असं समजून बहुतेक मुलं कागद-पेन घेऊन बसतात आणि गुण देतात. एकदा करवून घेतलं आणि 'कळवतो' म्हणून पाठवलं, तर हाती फक्त पहिला अंदाज लागतो. सूचना बदलून तोच प्रवेश पुन्हा करवून घेतला, की नट ऐकतो कसा ते कळतं. आणि दिग्दर्शकाला नेमकं काय सांगता येतं, हेही कळतं.

(दृश्य: सोसायटीच्या आवारात खेळणारी मुलं.)

मुलाची निवड या मानाने लवकर झाली. आलेल्या मुलांना आधी संवाद दिले, तर ती स्नेहसंमेलनातल्यासारखी हातवारे करत तालात म्हणू लागली. मग कागद बाजूला ठेवले आणि प्रत्येकाला एक जुनं कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा दिला. निवड झाली ती गप्प बसून एकेक किल्ली लावून पाहणाऱ्या मुलाची. कॅमेरा चालू आहे याचा त्याला पत्ता नव्हता, त्याच्या आईला मात्र आधीच सांगितलेलं होतं.

मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. पालकांची संमती हवी, व्यावसायिक निर्मितीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. कॉलेजचा प्रकल्प लहान असतो, पण मूल तेवढंच दमतं. या गटाने त्याचे सगळे प्रसंग सकाळी ठेवलेत, आणि त्याची आई सेटवर असेल.

(दृश्य: जिन्यात फोनवर बोलणारी निर्मिती व्यवस्थापक विद्यार्थिनी. हातात नावांची यादी.)

ज्यांची निवड झाली नाही, त्यांना ही मुलगी एकेक करून फोन करतेय. हे काम बहुतेक गट टाळतात. लोक वाट पाहत राहतात, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी कागद लावला की कुणी फिरकत नाही. दुसरी तक्रार मी ज्येष्ठ कलाकारांकडून वारंवार ऐकलीय: दोन दिवस राबलो, पण फिल्म काही बघायला मिळाली नाही. या गटाने करारपत्रातच लिहिलंय, की फिल्म पूर्ण झाल्यावर ती प्रत्येक कलाकाराच्या घरी पोचवायची.

(दृश्य: पहिलं वाचन. टेबलाभोवती सगळे. चहाचे कप.)

शेवटच्या पानावर काकू थांबल्या. "ही बाई त्याच्या हातात किल्ली ठेवते, असं लिहिलंयस."

"हो काकू."

"नाही ठेवणार, बाळा. इतकी वर्षं राहिलीय ती तिथं. दाराचं कुलूप काढून स्वतःबरोबर नेईल. कुलूप तिचं आहे. खोली घ्या म्हणावं."

टेबलावर थोडा वेळ वाद झाला. छायाचित्रणवाल्या मुलाला किल्लीचा क्लोज-अप हवा होता. दिग्दर्शिकेने पान उलटं करून त्याच्या पाठीवर नवा शेवट लिहायला घेतला, आणि काकूंना विचारलं, कुलूप पिशवीत टाकेल का पदरात बांधेल?

"पिशवीत," काकू म्हणाल्या. "जड असतं ते."