पाण्याखालचा पंख आधी

(दृश्य: उत्तर इटली. गार्दा सरोवराचं उत्तर टोक, तोर्बोले गाव. सकाळ. कडे अजून सावलीत.)

निवेदन: पर्वतीय वारे आणि दरीय वारे आपण सगळ्यांनी शाळेच्या भूगोलात पाठ केले. ते अंगावर घ्यायचे असतील तर इथे यावं. रात्रभर गार झालेली डोंगरावरची हवा खाली उतरते आणि सकाळी उत्तरेकडून वारा सुटतो. त्याचं इथलं नाव पेलेर. ऊन तापलं की सगळं उलटतं, आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा वाहू लागतो. दोन्ही बाजूंना उभे कडे असल्यामुळे त्या चिंचोळ्या पट्ट्यात वाऱ्याला आणखी जोर चढतो.

(दृश्य: बोर्डवरचा कॅमेरा. लाटांचा फटफट आवाज. मग एकाएकी शांतता.)

ऐकलंत? बोर्ड पाण्यावर आपटत होता, तोवर तो आवाज होता. पाण्याखालच्या पंखाने बोर्ड उचलला आणि आवाज थांबला. हे विंडफॉइलिंग. विंडसर्फिंगचंच शीड, तीच डोलकाठी. फक्त बोर्डाखाली फिनच्या, म्हणजे पाण्यातल्या उभ्या पात्याच्या जागी एक उभा खांब आणि त्याच्या तळाशी आडवं छोटंसं विमान. खांबाला मास्ट म्हणतात, विमानाच्या धडाला फ्युजलाज. धडाला पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. ही सगळी जोडणी म्हणजे फॉइल.

(दृश्य: काठावरच्या गवतावर तीन सेट शेजारी शेजारी.)

दुकानात शिरलेला माणूस पहिल्यांदा बोर्ड बघतो. रंग बघतो, लांबी-रुंदी विचारतो, आणि फॉइल बरोबर येईल ते घेतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. सुरुवात पुढच्या पंखापासून करावी, कारण तुम्ही कोणत्या वेगाला उडणार हे तो ठरवतो. उचल पंखाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, 900 चौरस सेंटीमीटरचा पंख तुम्हाला 12 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर वेगाला उचलतो. तशाच आकाराचा 1800 चा पंख लावला, तर साडेआठ नॉटच्या आसपासच बोर्ड पाणी सोडेल. मात्र वेग वाढत गेला की तोच मोठा पंख अति उचल देऊ लागतो. मग पुढच्या पायावर सगळं वजन टाकूनही बोर्ड वरच चढतो.

आकाराचाही फरक पडतो. लांब, अरुंद पंख कमी ओढ खातो आणि दूरवर तरंगत नेतो. पण चुकलात की लगेच समज देतो. आखूड, रुंद पंखाला वेग कमी, पण तो तुम्हाला सांभाळून घेतो.

(दृश्य: पहिला सेट, जवळून. मार्सेच्या समुद्रातली शर्यतीची दृश्यं.)

हा शर्यतीचा सेट, आयक्यूफॉइल. 1984 पासून विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये आहे, पण फॉइलवरच्या विंडसर्फिंगची पहिली ऑलिंपिक शर्यत 2024 ची, पॅरिस ऑलिंपिकसाठी मार्सेच्या किनाऱ्यावर झालेली. त्याआधी 2008 पासून आरएस:एक्स हा फिनचा बोर्ड होता. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या इबाद अलीने कांस्यपदक मिळवलं, ते आरएस:एक्सवरच.

आयक्यूफॉइलचा बोर्ड 220 सेंटीमीटर लांब आणि तब्बल 95 सेंटीमीटर रुंद. पुरुषांचं शीड 9 चौरस मीटरचं, स्त्रियांचं 8 चं. पुढचा पंख 900, मास्ट 95 सेंटीमीटर. बोर्ड हवेत राहणार, तर त्याला एवढी रुंदी कशाला? पायांसाठी. पायांचे पट्टे अगदी कडेला असतात. पाय मधल्या रेषेपासून जितके लांब, तितकी मोठ्या शिडाची ओढ पेलायला तरफ लांब मिळते. आता स्वार बोर्ड कसा धरतो ते बघा: वारा येतो त्या बाजूला कलंडवून. त्यामुळे फॉइलची थोडी उचल बाजूलाही वळते आणि शिडाच्या ओढीला आडवी येते. इतकं कलंडायचं तर मास्ट लांबच हवा. नाहीतर पंखाचं टोक पाण्याबाहेर येतं, हवा आत शिरते, उचल क्षणात संपते, आणि पुढे जे होतं ते हे.

(दृश्य: संथगतीत आपटी.)

मार्सेला सगळ्यांकडे सामान एकसारखंच होतं. ब्रिटनच्या एमा विल्सनने प्राथमिक फेऱ्यांमध्ये मोठी आघाडी घेतली होती. शेवटच्या एका शर्यतीत इटलीच्या मार्ता माजेत्तीने सुवर्ण नेलं, इस्रायलच्या शॅरन कँटरने रौप्य, आणि एमाच्या हाती कांस्य आलं. सामान सारखं असताना हाती उरतात त्या बारीकसारीक गोष्टी.

(दृश्य: अगदी जवळून. ॲलन की, मागचा पंख, त्याखाली सरकवलेली पातळ पाचर.)

त्यातली ही एक. हिला शिम म्हणतात. अर्ध्या अंशाचा कोन बदलला, तर पुढच्या पायावरचं वजन बदलतं, आणि ते मांडीला आधी कळतं. बोल्टला ग्रीस लावलेलं दिसतंय? खाऱ्या पाण्यात स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असा बसतो की महिन्याभराने चावी गोल फिरते आणि बोल्ट जागचा हलत नाही. ग्रीस लावाच, आळस करू नका.

(दृश्य: दुसरा सेट. ओरावर निवांत फेरी मारणारी एक बाई.)

टीव्हीवर शर्यत पाहून तसाच सेट विकत घेणाऱ्यांसाठी माझा जीव तुटतो. आठ-दहा आपट्या खाऊन त्यातले काही हा खेळच सोडतात. निवांत भटकायचं असेल, तर हा दुसरा सेट बघा: पंख 1500 ते 1800, मास्ट 75 ते 85, पट्टे आतल्या बाजूला, बोर्ड 75 ते 80 सेंटीमीटर रुंद. शीड साडेपाच-सहा चौरस मीटरचं. फॉइलला फिनपेक्षा लहान शीड पुरतं, आणि हातांचे हाल कमी होतात. शिकणाऱ्याने मास्ट 70-75 चा घ्यावा. पडायची उंचीही कमी. लांब मास्टची आणखी एक अडचण आपल्या कोकण-गोव्यातल्या माणसाला चटकन कळेल. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीला कंबरभर पाणी गाठायलाच किती चालावं लागतं, आणि तेही फॉइल लावलेला बोर्ड उचलून.

(दृश्य: तिसरा सेट.)

हा तिसरा वळणांसाठी. आखूड फ्युजलाज, कारण लांब धड स्थिर असतं पण वळायला जड. बोर्ड साठ-पासष्ट सेंटीमीटर रुंद, शीड चार-पाच चौरस मीटर. समुद्राची लांबट लाट मिळाली की शीड मोकळं सोडायचं आणि लाटेच्याच ताकदीवर उतरायचं. गार्दावर त्याचा खरा कस लागत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. ओरा मंदावतोय.)

वारा पडायला लागलाय. नऊ मीटरच्या शिडाचा स्वार दोन-चार झटके देत, पाणी न शिवता काठाकडे येतोय. 1800 च्या पंखावरची बाई त्याच्या मागे, हळू, पण उडतच. तिसऱ्याचा बोर्ड मात्र खाली बसला. अरुंद बोर्ड त्याचं वजन पेलत नाही; गुडघ्यापर्यंत पाणी आलंय. त्याने शीड आडवं केलं, पोटावर झोपला, आणि हातांनी पाणी मारत निघालाय. काठ अजून दोनशे मीटर आहे. बाईने आपला सेट गवतावर ठेवला आणि ती पाण्यात परत उतरली, त्याचं शीड धरायला.