गृहभेटीतलं घर

(तालुक्याच्या वाचनालयात निवृत्त आरोग्य सेविकेने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विषय पत्रिकेवर छापलाय, ‘बाळाचे पहिले बेचाळीस दिवस’. तिकडे येतेच. आधी ओट्यावरच्या आजीचं सांगते, कारण ती गोष्ट कितीतरी वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही.

ऊसतोडीच्या पट्ट्यातलं गाव. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलूप. आमची आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, वहीत पक्की. तिसरा दिवस भेट, सातवा भेट, चौदावा भेट. आणि गेल्या दोन खेपांच्या रकान्यात एकच वाक्य: ‘बाळ झोपले आहे, तब्येत चांगली.’ मी खाली सही केली. होय, मीच! एवढं झोपाळू बाळ जिल्ह्यात दुसरं नसेल, असंसुद्धा मनात आलं नाही.

एकविसाव्या दिवशी मी बरोबर गेले. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. “निजलंय बाई, उठवू नका.” ऊन मरणाचं. मी म्हटलं, आजी, घोटभर पाणी द्या. ती उठायच्या आत मीच आत शिरले. माठ कोपऱ्यात असतो, हे काय कुणी शिकवावं लागतं? झोळी बांधलेली होती, वजनानं खालीही आली होती. वाकून बघते तर आत कांदे.

(हशा)

हसा, मीही हसले. मग आजी रडायला लागली. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, कोयता जोडीनं लागतो, नवरा-बायको दोघं, म्हणून सून पोराला घेऊन उसाच्या फडावर गेली. आम्ही रागावू म्हणून म्हातारी वहीपुरतं बाळ झोपवत होती. आशाताईलाही उंबरठ्यावरून परतणं सोयीचं होतं. तिच्यावर मी चिडले नाही. दिवसाला किती घरं आणि हातात काय पडतं, ते मला ठाऊक आहे.

जाता जाता एक. गाईचा चीक आपण शेजाऱ्याकडून मागून आणतो, वेलची घालून खरवस करतो. आणि आईचा चीक? तो पिळून टाकायचा, बाळाला मध चाटवायचा. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना मध चाटवलाय? वर करू नका हात, कळलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणे. बरं, पळवते.

गृहभेटीनं पोरं वाचतात, यात वाद उरलेला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत घरोघरी पाठवल्या, ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभर आशांच्या भेटी सुरू झाल्या. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरचं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. तेव्हा ठरलेला मोबदला सगळ्या भेटींचा मिळून २५० रुपये. भेटीत बाळाला काट्याच्या झोळीत घालून वजन, काखेत थर्मामीटर, घड्याळ धरून श्वास मोजायचे. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले की लगेच दवाखाना. पाय गार लागले, दूध ओढेना, तरी तेच.

हे सगळं बाळ समोर असेल तर! माझं म्हणणं एवढंच आहे की आपण गाव मोजतो, बाळ फिरतं. पहिलटकरीण माहेरी. तिकडच्या ताईला वाटतं सासरची बघते, सासरच्या ताईला वाटतं माहेरची बघते. कोपीतल्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतल्या बाळाला तर दोन्हीकडे नाव नाही. बाळ गाव सोडेल त्या दिवशी इकडच्या ताईनं तिकडच्या ताईला फोन करावा, उरलेल्या भेटी तिनं कराव्यात आणि त्यांचे पैसे तिला मिळावेत. यासाठी नवी योजना लागत नाही, वहीत एक रकाना लागतो: ‘बाळ आज कुठे आहे?’

त्या बाळाचं काय झालं, विचारताय? कारखान्याजवळच्या नर्सबाईंना त्याच संध्याकाळी फोन लावला. त्या कोपीवर गेल्या, वजन केलं. कमी होतं, पण दूध ओढत होतं. दर आठवड्याला जात राहिल्या.

आणि कांदे आजीनं निघताना माझ्या पिशवीत घातले. नको म्हटलं, तर म्हणाली, “आता झोळी रिकामीच ठेवते.”